साउंडहोल पिकअप: बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर

नमस्कार. अकूस्टिक गिटारच्या साउंडहोलमध्ये, म्हणजे पेटीच्या गोल भोकात, अडकवायचा स्वस्त पिकअप हा आजचा विषय. पिकअप म्हणजे तारांच्या कंपनाची वीज करून ती केबलवाटे पुढे पाठवणारं उपकरण. हा पिकअप अडकवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. तक्रारी मात्र पुढे बरेच दिवस चालतात. आवाज इलेक्ट्रिक गिटारसारखा येतो, दुसरी तार कानात घुसते, मागे सतत घूं घूं चालू असतं. यातलं बरंचसं खापर स्वस्तपणावर फुटतं आणि ते चुकीचं आहे. बहुतेक तक्रारींचं मूळ तारांमध्ये, पिकअपच्या उंचीत किंवा केबलचं दुसरं टोक जिथे खोचलं आहे तिथे असतं. या तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत, म्हणून बोलणं मुख्यतः त्यांच्याबद्दलच.

हा पिकअप नेमकं काय ऐकतो? आत चुंबक असतं आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज उमटते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. यात हवेचा संबंध नाही, लाकडाचाही थेट नाही. पिकअपपर्यंत पोहोचते ती फक्त तारेची हालचाल. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, नायलॉनच्या तारांच्या गिटारवर तो मुका राहतो. तिथल्या जाड तारांवर धातूचा वेढा दिसतो खरा, पण तो चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याचा असतो आणि आत नायलॉनचे धागे. चुंबकाच्या दृष्टीने तिथे काहीच नाही, त्यामुळे त्या गिटारला पिझोसारखा, थेट कंपनं पकडणारा दुसरा पिकअप लावावा लागतो. दुसरी गोष्ट, पेटीचा घुमार आणि टॉपवर, म्हणजे पेटीच्या वरच्या फळीवर, दिलेला ठोका या पिकअपमधून फारसा येणार नाही. ते हवं असेल तर महागडा चुंबकीय पिकअप घेऊनही निराशाच होईल. तारांचा स्वच्छ, भरीव आवाज आणि मोठ्या आवाजातही स्पीकरच्या शिट्टीला (फीडबॅकला) कमी वाव, हा याचा गुण. त्यासाठीच तो घ्यावा.

आता तारांकडे येऊ. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. १२ नंबरचा नेहमीचा संच घ्या. पहिली तार ०.०१२ इंच, दुसरी ०.०१६ इंच, आणि या दोन्ही निखळ पोलादाच्या. तिसरीपासून पुढे आत पोलादी गाभा आणि वर ब्रॉन्झचा वेढा. फॉस्फर ब्रॉन्झ म्हणजे साधारण ९२ टक्के तांबं आणि उरलेलं बहुतांशी कथील. ८०/२० म्हणून मिळतात त्या तारांच्या वेढ्यात ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त. तांबं, कथील, जस्त, यातलं काहीही चुंबकाला दाद देत नाही. तिसरी तार बाहेरून ०.०२४ इंच जाड दिसते, पण पिकअपला कळतो तो फक्त तिचा गाभा आणि तो दुसऱ्या तारेपेक्षाही बारीक असतो. त्यामुळे दुसरी तार ओरडते आणि शेजारची तिसरी दबून जाते. गिटार प्लग न लावता वाजवली की हा फरक जाणवत नाही, म्हणून सगळा संशय पिकअपवर जातो.

उपाय पिकअपच्या बांधणीप्रमाणे बदलतो. प्रत्येक तारेखाली चुंबकाचं जे टोक येतं तो पोल. वर स्क्रूचे पोल दिसत असतील तर काम सोपं आहे. दुसऱ्या तारेखालचा स्क्रू एकेक फेरा करत खाली घ्या, तिसऱ्याखालचा थोडा वर आणा आणि दर फेऱ्यानंतर वाजवून ऐका. हे कान लावून करायचं काम आहे, घाईत होत नाही. पोल गुळगुळीत असतील, स्क्रूची खाच नसेल, तर त्यांना हात लावू नका. काही पिकअपमध्ये वेढे थेट त्या चुंबकांवरच गुंडाळलेले असतात. पोल दाबायला गेलात तर ती बारीक तार तुटते आणि पिकअप कायमचा गप्प होतो. अशा वेळी सगळा पिकअपच तिरका करायचा. जाड तारांकडच्या क्लॅम्पखाली (साउंडहोलची कड पकडणारा चिमटा), म्हणजे टॉप आणि पिकअपच्या मधे, एक मिलिमीटर जाडीची कॉर्कची पट्टी घाला. ती बाजू वर उचलली जाते आणि बारीक तारा पिकअपपासून तुलनेने लांब राहतात. इलेक्ट्रिक गिटारवर सहसा जाड तारांची बाजू खाली ठेवतात. ब्रॉन्झच्या तारांना तो नियम लावला तर असमतोल आणखी वाढतो.

तिसरा उपाय तार बदलण्याचा. निकेल मिसळलेल्या वेढ्याच्या, चुंबकीय पिकअपसाठी म्हणून केलेल्या तारा मिळतात. त्यांनी समतोल चटकन सुधारतो, पण प्लगशिवाय वाजवताना ब्रॉन्झची चमक कमी होते. घरी बिनप्लगची वाजवणं जास्त असेल तर ब्रॉन्झ ठेवा आणि उंचीवरच मेहनत घ्या.

उंची मोजायची ती तार शेवटच्या फ्रेटवर दाबून. त्या स्थितीत तार आणि पोल यांच्यात दोन ते तीन मिलिमीटर अंतर हे सुरुवातीला ठीक. जवळ आणलं की आवाज वाढतो आणि म्हणून मोह होतो. पण चुंबक फार जवळ आलं तर ते तारेला ओढू लागतं. वरच्या फ्रेट्सवर सूर डळमळतो, एका सुराला दुसऱ्याची किनार लागते आणि नाद लवकर विरतो. ट्यूनर नीट दाखवत असूनही गिटार बेसूर वाटत असेल तर पिकअप खाली करून बघा.

खरेदीआधी तीन मापं घ्या. साउंडहोलचा व्यास बहुतेक गिटारवर १०० मिलिमीटरच्या आसपास असतो, लहान पेटीच्या गिटारवर कमी. दुसरं, साउंडहोलच्या कडेची जाडी. ती साधारण तीन मिलिमीटर असते, पण काही गिटारना आतून लाकडाची पट्टी लावलेली असते आणि मग क्लॅम्पचा जबडा पुरत नाही. तिसरं, फिंगरबोर्डचं टोक साउंडहोलवर किती पुढे येतं ते. तिथे जागा नसेल तर पिकअप ब्रिजकडे सरकतो आणि प्लेक्ट्रम त्यावर आपटत राहतं. वजनही बघा. जड पिकअप टॉपच्या कडेला लटकला की टॉपचं कंपन दबतं आणि प्लगशिवायचा आवाज मंदावतो.

एका कॉइलचा, म्हणजे तारेच्या एकाच गुंडाळीचा, घ्यावा की दोन कॉइलचा, हा प्रश्न नेहमी येतो. एक कॉइल ट्रान्सफॉर्मर, मंद होणारे दिवे, संगणक या सगळ्यांची घूं गोळा करते. ५० किंवा ६० हर्ट्झची वीज आणि तिच्या पटी. दुसरी कॉइल उलट्या बाजूने जोडली आणि तिचं चुंबकही उलटं ठेवलं, तर दोघींमधली घूं एकमेकींना खोडते आणि तारेचा आवाज मात्र जोडला जातो. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. आज स्वस्त पिकअपमध्येही ती मिळते. स्टेजवर वाजवायचं असेल तर दोन कॉइलचाच घ्या, थोडे जास्त पैसे तिथे सत्कारणी लागतात. फक्त घरी रेकॉर्ड करायचं असेल आणि गिटार फिरवून घूं कमी होणारी दिशा शोधायची तयारी असेल, तर एका कॉइलचा आवाज जास्त मोकळा लागतो.

बसवण्याआधी मल्टिमीटर लावा. प्लगचं टोक आणि त्याची नळी यांच्यामध्ये बहुधा पाच ते दहा किलोओहम दिसायला हवेत. पिकअपवर व्हॉल्यूमचं चाक असेल तर ते पूर्ण उघडून मोजा. काहीच दिसलं नाही तर तार तुटलेली आहे, शून्य दिसलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपला ही चाचणी लागू नाही. त्याला प्लग जोडून, आवाज कमी ठेवून, स्क्रूड्रायव्हरचं पोलादी टोक पोलजवळ न्या. टक्‌ असं ऐकू आलं की झालं.

बसवताना सगळ्या तारा काढायची गरज नाही. मधल्या दोन-तीन सैल केल्या की पिकअप आत सरकतो. पोल तारांच्या बरोबर खाली यायला हवेत. मानेकडे तारा एकमेकींजवळ येतात आणि ब्रिजकडे पसरतात, म्हणून जुळत नसेल तर पिकअप पुढेमागे करा. मानेकडे आवाज गोल आणि जाड, ब्रिजकडे धारदार. क्लॅम्पचे स्क्रू बोटांनी आवळले जातील तेवढेच आवळा. टॉपचं स्प्रूस मऊ असतं, पान्याचा जोर लावला तर कायमचा खळगा पडतो. क्लॅम्पला कॉर्क किंवा फेल्ट नसेल तर ते चिकटवा, रबर नको. नायट्रोसेल्युलोज लॅकर असलेल्या गिटारवर रबर आणि व्हिनाइलची प्रक्रिया होऊन पॉलिश मऊ पडतं आणि डाग राहतो.

केबल साउंडहोलमधून तशीच बाहेर काढता येते. ती पट्ट्याच्या बटणाभोवती एक वेढा घेऊन पुढे न्या, म्हणजे कुणाचा पाय पडला तर झटका बटणाला बसेल, पिकअपला नाही. आधी काही आठवडे असंच वाजवा आणि मगच गिटारला भोक पाडायचं की नाही ते ठरवा. भोक परत बुजवता येत नाही. पिकअप बदलता येतो.

एंडपिन जॅक, म्हणजे पट्ट्याच्या बटणाच्या जागी बसणारं केबलचं सॉकेट, बसवायचाच असेल तर पट्ट्याचं बटण काढून त्याचंच भोक मोठं करायचं. जॅकची नळी साधारण १२ मिलिमीटरची असते, पण आपल्या जॅकचं माप व्हर्नियरने घ्या. भोकाभोवती मास्किंग टेप लावा. नेहमीचं ड्रिल तयार भोकात लाकूड पकडतं, आत ओढलं जातं आणि पॉलिशचे टवके उडतात. हाताने फिरवायचा निमुळता रीमर सगळ्यात सुरक्षित. तो उताराचं भोक करतो, म्हणून शेवटी आतली बाजू गोल कानशीने सारखी करा. मधूनमधून जॅक घालून बघा आणि तो जेमतेम सरकला की थांबा.

सोल्डरिंग गिटारच्या बाहेर करायचं. आतली गाभ्याची वायर प्लगच्या टोकाला टेकणाऱ्या पत्तीवर, जाळी नळीच्या पत्तीवर. कोणती पत्ती कुठली, हे प्लग आत घालून मल्टिमीटरने तपासा. मग सहा मिलिमीटरची काठी बाहेरून भोकातून साउंडहोलपर्यंत न्या, जॅक तिच्या टोकावर खोचा आणि काठी ओढून घ्या. जॅक आपोआप भोकात येऊन बसतो. आतल्या नटाने खोली ठरते. जॅक फार आत राहिला तर प्लग पूर्ण बसत नाही आणि आवाज खरखरत तुटतो. फार बाहेर आला तर पट्ट्याची टोपी घट्ट होत नाही. बाहेरचा नट आवळताना जॅकच्या नळीतल्या आडव्या छिद्रात खिळा घालून तो धरून ठेवा. नाहीतर आत सगळा जॅक फिरतो, केबल पिळली जाते आणि नुकताच केलेला जोड सुटतो. बॅटरीच्या पिकअपला स्टिरिओ जॅक लागतो. मोनो प्लग घातला की तो जॅकची मधली पत्ती नळीला जोडतो आणि बॅटरी चालू होते. म्हणून वाजवून झालं की प्लग काढायचा, आणि तिथे स्टिरिओ केबल चालत नाही.

केबलचं दुसरं टोक मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खोचलं की आवाज बोथट येतो. त्या इनपुटचा रोध साधारण दहा किलोओहम असतो. पिकअपच्या कॉइलचा रोध वरच्या सुरांना वाढत जातो, आणि इतक्या कमी रोधाच्या इनपुटमध्ये नेमके तेच सूर गळून जातात. एक मेगाओहमचं इन्स्ट्रुमेंट इनपुट किंवा डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) वापरा. बॅटरी नसलेल्या चुंबकीय पिकअपला साधा पॅसिव्ह, म्हणजे वीज न लागणारा, डीआयही पुरतो. इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्पचा स्पीकर पाच किलोहर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही, म्हणून तिथे आवाज इलेक्ट्रिकच वाटणार. अकूस्टिक अ‍ॅम्प किंवा ट्वीटर असलेला पीए स्पीकर घ्या. मग २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात तीन-चार डेसिबल कमी करा. वरचे सूर फार वाढवू नका, पिकअपमध्ये तिथे मुळातच कमी असतं आणि वाढते ती फक्त सळसळ.

मोठ्या आवाजात पेटी १०० हर्ट्झच्या आसपास घुमू लागते, कारण मोठ्या पेटीतल्या हवेची स्वतःची कंपनसंख्या तिथेच असते. तेवढा अरुंद पट्टा कापा आणि स्पीकरच्या समोरून बाजूला व्हा. आणि एखाद्या ठराविक सुरालाच खर्रर्र असं काही वाजत असेल तर आधी आतली केबल पाठीला टेकते का बघा. चिकट क्लिपने ती बाजूच्या फळीला बांधून टाका. त्यानंतर क्लॅम्पचे स्क्रू बघा. फेल्ट दबतो, हवेतल्या ओलाव्याप्रमाणे लाकूड फुगतं आणि आकसतं, आणि महिन्याभरात ते स्क्रू पाव फेरा सैल झालेले असतात.