भाकरी, लिंबू आणि चहाची वेळ

[दृश्य: तालुक्याच्या गावातलं किराणा दुकान. काउंटरवर बरण्या, मागच्या फळीवर पाटीवरच्या पेन्सिलींचा खोका.]

पाटीवर लिहिणं शाळांतून जवळजवळ संपलं. तरी पाटीवरची पेन्सिल विकली जातेच. घेणाऱ्यांमध्ये बायका असतात, कॉलेजात जाणाऱ्या मुली असतात, आणि त्यांना ती लिहायला नको असते. खायला हवी असते. कुणी भाजकी माती खातं, कुणी खडू, कुणी तांदूळ निवडता निवडता मूठभर कच्चेच तोंडात टाकतं. घरात कळलं की ओरडा बसतो, "काय ही घाणेरडी सवय!" पण ही ओढ पुष्कळदा शरीरात लोह कमी पडल्यामुळे लागलेली असते. लोह भरून निघालं की बहुतेकींची ती सुटते, शपथा घालाव्या लागत नाहीत.

याच बायकांना विचारा, तब्येत कशी आहे? उत्तर येतं, "काही नाही हो, जरा थकल्यासारखं होतं." जिना चढताना धाप लागते. छातीत धडधडतं. संध्याकाळी पाय गळून जातात. घरचे म्हणतात, ऊन बाधलं असेल, झोप झाली नसेल. ती स्वतः म्हणते, माझा स्वभावच आळशी.

थकव्याची कारणं अनेक आहेत. थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग, अपुरी झोप, मन खचणं. आज आपण एकच कारण धरून चालणार आहोत, कारण महाराष्ट्रात ते निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात आहे. ते म्हणजे रक्तक्षय, म्हणजेच अ‍ॅनिमिया.

[दृश्य: आरोग्य केंद्र. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेताना.]

2019 ते 2021 या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली. 15 ते 49 वयाच्या महाराष्ट्रातल्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हा आकडा 48 होता. म्हणजे मधल्या वर्षांत रस्ते झाले, घराघरांत गॅस आला, मोबाइल आले, आणि बायकांच्या अंगातलं रक्त कमी झालं. पुरुषांत हेच प्रमाण साधारण पाचात एक आहे.

रक्तातल्या तांबड्या पेशी फुप्फुसातून प्राणवायू उचलून अंगभर पोचवतात. तो धरून ठेवायचं काम हिमोग्लोबिन करतं, आणि हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन दर 100 मिलिलिटर रक्तात 12 ग्रॅमच्या खाली गेलं, गरोदर बाईचं 11 च्या खाली गेलं, की तो रक्तक्षय. प्राणवायू कमी पोचतो, म्हणून हृदय जास्त जोराने पळतं, आणि बाई बसल्या जागी दमते. आळसाचा इथे काही संबंध नाही.

पाळीत दर महिन्याला रक्त जातं, त्यासोबत लोहही जातं. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली जी शिफारस केली, तिच्यात पुरुषाला दिवसाला 19 मिलिग्राम लोह सांगितलं आहे आणि बाईला 29.

[दृश्य: रात्रीचं जेवण. सगळ्यांचं वाढून झाल्यावर ती स्वतःचं ताट घेते.]

29 मिलिग्राम जिला लागतं, ती शेवटी जेवते. आधी मुलं, मग पुरुष, मग सासूबाई. तिच्या वाटणीला येताना उसळीतली मटकी संपलेली असते, तळाला रस्सा असतो. सकाळची भाकरी उरलेली असते, ती वाया जाऊ नये म्हणून तीच खाते. पुढे जे उपाय आपण पाहणार आहोत, ते सगळे या पातेल्यापाशी अडतात. अळीव आणले आणि तिच्या ताटात आलेच नाहीत, तर उपयोग काय?

[दृश्य: जुनी छायाचित्रं. गिरणगाव, परळ, हाफकिन संस्थेची इमारत.]

अन्नाने रक्त भरून येतं का, हा प्रश्न मुंबईत फार पूर्वी विचारला गेला आहे. 1928 साली ल्युसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक भयंकर रक्तक्षय होत होता, अनेकजणी त्यात दगावत होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून विल्स यांनी त्याचा शोध घेतला. त्यांनी या बायकांचं जेवण बघितलं, त्या काय खातात, काय खायला मिळत नाही, ते टिपलं. गरीब घरांत, जिथे भाज्या, फळं आणि कसदार अन्न पोचत नव्हतं, तिथे हा आजार जास्त होता. मग त्यांनी यीस्टचा अर्क देऊन पाहिला. मार्माइट नावाने बाटलीत मिळणारा, स्वस्त, पावाला लावून खायचा काळपट लगदा. बायका बऱ्या होऊ लागल्या. 1931 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

त्या अर्कात नेमकं काय होतं ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. दहा वर्षांनी, 1941 साली, टनावारी पालकातून तो घटक वेगळा काढला गेला, आणि त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळालं. आज जगभर गरोदर बाईला जी गोळी देतात, तिच्यातला हा घटक. त्या गोळीची वाट परळमधून, गिरणीतल्या बायकांच्या ताटावरून गेलेली आहे, आणि हे मुंबईत फार थोड्यांना माहीत आहे. माहीत असायला हवं.

मेथी, पालक, चवळीची पानं यांत हे फॉलिक आम्ल असतं, पण पाण्यात उतरतं आणि उष्णतेने कमी होतं. पालेभाजी भरपूर पाण्यात उकडायची, पिळायची आणि पाणी मोरीत ओतायचं, ही पद्धत असेल तर बराचसा कस त्या पाण्याबरोबर जातो. अंबाडी आंबट असते म्हणून पाणी काढावं लागतं, ते ठीक. मेथीला ते करू नका.

[दृश्य: ओट्यावर गुळाची ढेप, बीट, खजूर.]

आता घरोघरचे सल्ले तपासू. "गूळ खा, रक्त वाढेल." शंभर ग्रॅम गुळात साधारण साडेचार मिलिग्राम लोह असतं. जेवणानंतर आपण खातो तो खडा फार तर दहा ग्रॅमचा. त्यातून मिळालं अर्धं मिलिग्राम. बीटाचा रंग रक्तासारखा आहे एवढंच, लोह त्यात शंभर ग्रॅमला एक मिलिग्रामही भरत नाही. गूळ वाईट नाही, बीटही वाईट नाही. पण बाई सहा महिने बीटाचा रस पिते, थकवा तसाच राहतो, आणि तिला वाटतं आपल्याला काहीच लागू पडत नाही. याचं मला वाईट वाटतं.

अळिवाची गोष्ट निराळी.

[दृश्य: जवळून. वाटीत अळीव, वरून नारळाचं पाणी.]

लालसर, मोहरीहून बारीक दाणे. नारळाच्या पाण्यात घातले की तासाभरात फुगतात, प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत पारदर्शक थर चढतो, चमच्याने उचललं तर सगळं एकत्र ओघळतं. मग ओलं खोबरं आणि चिरलेला गूळ त्यात कालवून जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटवायचं. कडेने सुटू लागलं की जायफळ किसून घालायचं, आणि कोमट असताना लाडू वळायचे. बाळंतिणीला हे लाडू देणाऱ्या आज्यांकडे आहारतक्ते नव्हते, पण निवड अचूक होती. जुन्या पुस्तकांत अळिवाचं लोह शंभर ग्रॅमला 100 मिलिग्राम दिलेलं आढळतं. नव्या मोजणीत आकडा त्याहून बराच खाली आला आहे, तरी स्वयंपाकघरातल्या बहुतेक जिनसांपेक्षा अळीव वरचढच आहेत. फक्त हे लाडू बाळंतिणीपुरते ठेवू नका. दहावीतल्या मुलीला द्या. आणि गरोदरपणात मात्र अळीव खाऊ नयेत असं आपल्याकडे सांगतात, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच घ्या.

[दृश्य: बाजरीचं शेत, कणसं. मग काठवट, थापली जाणारी भाकरी.]

आणि बाजरी. भोगीला तीळ लावून केलेल्या भाकरीपुरतीच ती आता अनेक घरांत उरली आहे. शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रामहून थोडं जास्त लोह असतं. ते वाढवता येईल का, या प्रश्नावर हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने काम केलं आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासोबत 'धनशक्ती' हे वाण आणलं. 2012 साली ते महाराष्ट्रात शेतकऱ्यांसाठी आलं. जनुकं बदललेली नाहीत, निवड पद्धतीने तयार केलेलं साधं वाण आहे, बी पुढच्या वर्षी राखून ठेवता येतं.

त्याची परीक्षा महाराष्ट्रातच झाली. ग्रामीण शाळांतल्या 12 ते 16 वयाच्या मुलामुलींना सहा महिने बाजरीची भाकरी देण्यात आली, काहींना जास्त लोहाच्या वाणाची, काहींना साध्या बाजरीची. चार महिन्यांतच पहिल्या गटाच्या शरीरातला लोहाचा साठा वाढलेला दिसला. ज्यांच्यात सुरुवातीला लोहाची कमतरता होती, त्यांच्यात ती भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटापेक्षा दीडपटीहून जास्त होती. 2015 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध म्हणून वेगळं काही दिलं नव्हतं. रोजच्या जेवणातली भाकरी होती.

[दृश्य: कांदेपोह्यांची बशी. लिंबाची फोड पिळली जाते. शेजारी वाफाळता कप.]

ताटात लोह आलं म्हणजे रक्तात गेलं असं होत नाही. मटण, कलेजी, मासे यांतलं लोह शरीर सहज उचलतं. धान्यं, डाळी आणि भाज्यांतलं लोह मात्र आतड्यात अडकून पडतं, त्याचा लहानसाच भाग आत जातो. तो वाढवायला आंबट फळातलं क जीवनसत्त्व मदत करतं. उसळीवर लिंबू पिळणं, जेवताना आवळ्याची फोड घेणं, पेरू खाणं, याने फरक पडतो. लिंबू शिजताना घालू नका, वाढून घेतल्यावर पिळा. मटकीला मोड आणले की तिच्यातलं लोह धरून ठेवणारं फायटेट कमी होतं. नाचणीचं पीठ आंबवून केलेल्या आंबिलीतही तेच घडतं.

आता या बशीकडे बघा. पोह्यांवर लिंबू पिळलं, उत्तम. आणि लगेच चहा. चहातलं टॅनिन लोहाला बांधून टाकतं. जेवणाबरोबर चहा घेतला तर लोह शोषलं जाण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं, हे मोजून पाहिलेलं आहे. कॉफीनेही घटतं, चहाइतकं नाही. चहा सोडा असं मी म्हणणार नाही. शेतावरून आलेल्या, रात्रपाळी करून आलेल्या बाईचा तेवढा एक कप निवांतपणाचा असतो. फक्त जेवणाच्या, नाश्त्याच्या आधी तासभर घ्या, किंवा नंतर दोन तासांनी. पैसे लागत नाहीत, बाजारात जावं लागत नाही. या सगळ्या फिल्ममधली एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा.

[दृश्य: लोखंडी कढईत खदखदणारी आमटी.]

माळ्यावर लोखंडी कढई असेल तर काढा. इथिओपियात लहान मुलांवर अभ्यास झाला, 1999 साली तो प्रसिद्ध झाला. काही घरांना लोखंडी भांडी दिली, काहींना अ‍ॅल्युमिनियमची. वर्षभराने लोखंडी भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन जास्त वाढलं होतं. आंबट पदार्थात लोह जास्त उतरतं, म्हणून चिंचेची आमटी, टोमॅटोचा रस्सा तिच्यात करावा. शिजलं की दुसऱ्या भांड्यात काढून घ्या, नाहीतर काळं पडतं, चवीला कसं तरी लागतं, आणि मग घरातली माणसं नाकं मुरडतात. घासल्यावर लगेच पुसून तेलाचा हात फिरवला की गंज चढत नाही.

[दृश्य: आशाताई घरी येऊन गोळ्यांची पाकिटं देताना.]

इथवरचे उपाय रक्त राखायला आणि हळूहळू वाढवायला चांगले. पण हिमोग्लोबिन 8 किंवा 9 वर असेल, तर निव्वळ लाडू आणि भाकरीवर थांबणं धोक्याचं आहे. ज्या बाईला पाळीत फार रक्त जातं, जिला मूळव्याध आहे, जी शेतात अनवाणी राबते आणि पोटात आकडीचे जंत आहेत, तिचं रक्त एका बाजूने भरतंय आणि दुसऱ्या बाजूने जातंय. आधी तपासणी. सरकारी आरोग्य केंद्रात ती होते, लोहाची गोळी आणि जंताची गोळीही मिळते. पुरुषाचं किंवा पाळी थांबलेल्या बाईचं हिमोग्लोबिन उतरलं असेल, तर रक्त कुठून जातंय हे डॉक्टरांनी शोधायलाच हवं.

शुद्ध शाकाहारी घरांत, हातापायांना मुंग्या येत असतील तर बी-12 जीवनसत्त्व तपासून घ्या. आणि गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांत सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकडा आकार घेतात त्या आनुवंशिक आजाराची, तपासणी आधी करावी. तिथे लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

गोळीने शौच काळी होते, कधी मळमळतं, पोट बांधल्यासारखं होतं. इथेच बहुतेकजणी ती सोडून देतात, पाकीट डब्याच्या मागे पडून राहतं. काळी शौच म्हणजे गोळीतलं न शोषलेलं लोह बाहेर पडतंय, घाबरायचं कारण नाही. मळमळत असेल तर रात्री जेवून झोपताना घ्या, लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा आणि दुधाबरोबर नको. तरीही सोसत नसेल तर आशाताईंना सांगा, डॉक्टर वेगळी गोळी किंवा दिवसाआड घ्यायला सांगतात. बरं वाटायला दोन-तीन आठवड्यांत सुरुवात होते, आणि मग वाटतं की आता पुरे. पण तेव्हा शरीरातला साठा रिकामाच असतो. हिमोग्लोबिन 12 च्या वर गेल्यावरही डॉक्टर गोळी साधारण तीन महिने चालू ठेवायला सांगतात. ती तेवढी घ्याच.