रोजच्या खोकल्यातला नवा खोकला

श्रोतेहो, नमस्कार.

२०२० साली सगळं जग एकमेकांपासून लांब उभं राहायला शिकलं. तोंडाला मास्क, हाताला सॅनिटायझर, दाराच्या कडीला हात लावायचीही धास्ती. बहुतेकांना हे नवं होतं. सिस्टिक फायब्रोसिस हा छातीत चिकट कफ साठवणारा आजार असलेल्या माणसांना मात्र ते लहानपणापासून पाठ होतं. या आजाराच्या दोन रुग्णांनी एका बाकावर बसायचं नाही, हा नियम कोरोनाच्या कितीतरी आधीचा. एकाच्या छातीतले स्युडोमोनाससारखे जंतू दुसऱ्याच्या छातीत शिरले, की निघता निघत नाहीत. म्हणजे आपलं दुखणं ज्याला खरोखर कळतं, नेमकी त्याचीच गळाभेट घ्यायची नाही.

आजार जन्मजात आहे. आईवडील दोघेही ठणठणीत असतात, पण दोघांकडेही सदोष जनुकाची एकेक प्रत असते आणि मुलाच्या वाट्याला त्या दोन्ही येतात. सातव्या गुणसूत्रावरचं हे जनुक १९८९ मध्ये सापडलं. पेशीच्या दारातून मिठातल्या क्लोराइडची ये-जा सांभाळणं हे त्याचं काम. दार बिघडलं, की मीठ-पाण्याचा हिशेब चुकतो. घाम इतका खारट होतो, की बाळाचा पापा घेताना आईच्या ओठांना मीठ लागतं. आणि छातीतला कफ डिंकासारखा चिकटून बसतो.

अशा छातीत कोरोना शिरला तर काय होईल, या विचारानं डॉक्टरांची झोप उडाली होती. २००९ च्या स्वाइन फ्लूचा अनुभव ताजा होता. साध्या सर्दीनंही या रुग्णांची फुप्फुसं आठवडेच्या आठवडे मागे पडतात. मग २०२० मध्ये पहिली नोंद आली : आठ देशांतले ४० रुग्ण, आणि अहवाल लिहीपर्यंत त्यांतला एकही दगावला नव्हता. हायसं वाटलं. थोड्याच महिन्यांत मोठी नोंद आली : १९ देश, १८१ रुग्ण, ७ मृत्यू. त्या सातांतल्या तिघांचं फुप्फुस-प्रत्यारोपण झालेलं होतं. भीती होती तेवढं वाईट घडलं नाही, हे खरं. पण वय कमी असणं आणि आधीपासूनच जपून राहणं, याचाही त्यात वाटा असणार. म्हणून ‘सिस्टिक फायब्रोसिसवाल्यांना कोरोना सौम्य होतो’ असं जे वाक्य तेव्हा पसरलं, ते मला कधीच पटलं नाही. ज्यांचं प्रत्यारोपण झालंय, ज्यांची फुप्फुसाची ताकद आधीच खालावलीय, ज्यांना या आजारातूनच मधुमेह जडलाय, त्यांच्यासाठी ते वाक्य खोटं आहे. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, आणि त्यामुळे लसही पूर्ण ताकदीनं लागू पडत नाही. त्यांनी जास्तीचे डोस चुकवू नयेत, ते एवढ्यासाठीच.

आता खरी अडचण सांगतो. कोरोनाची खूण कोणती? खोकला. धाप. थकवा. या माणसांच्या तर दिवसाची सुरुवातच खोकल्यानं होते! सकाळी नेब्युलायझरमधून खारं पाणी ओढायचं, मग छाती थोपटून घ्यायची किंवा फुंकण्याच्या उपकरणात फुंकत राहायचं, आणि सुटलेला कफ बेसिनमध्ये थुंकून त्याच्याकडे नीट बघायचं. रंग कालच्यासारखाच आहे का? जास्त घट्ट झालाय का? अनुभवी आई शेजारच्या खोलीतून नुसता आवाज ऐकून सांगते, ‘हा नेहमीचा नाही.’ अशा आईचं म्हणणं डॉक्टरांनीही गांभीर्यानं घ्यावं. नेहमीपेक्षा वेगळा खोकला, ताप, वास जाणं, फुप्फुसाची ताकद मोजणाऱ्या घरच्या स्पायरोमीटरवर आकडा घसरणं, यांतलं काहीही दिसलं तर ‘आमचं हे रोजचंच’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी चाचणी करा.

चाचणी पॉझिटिव्ह आली तरी छाती मोकळी करण्याचे व्यायाम बंद करायचे नाहीत. कफ साठला, की जंतूंना आयतं घर मिळतं. फक्त नेब्युलायझर लावताना आणि खोकताना वेगळ्या खोलीत बसा, खिडकी उघडी ठेवा, जवळ कुणाला थांबू देऊ नका. उपकरण दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही आणि दर वेळी स्वच्छ करून कोरडं ठेवायचं.

एक गोष्ट मात्र हमखास निसटते : औषधांची आपसातली भांडणं. सिस्टिक फायब्रोसिसवरच्या, तीन औषधं एकत्र असलेल्या गोळीला अमेरिकेत २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मंजुरी मिळाली. तिच्यात एलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर आणि आयव्हाकाफ्टर असतात. बिघडलेलं ते दारच ती बरंचसं दुरुस्त करते, आणि अनेकांचं आयुष्य तिनं बदलून टाकलंय. पण कोरोनावरच्या पॅक्सलोविडमध्ये रिटोनाविर नावाचं औषध असतं. ते यकृताचं इतर औषधं मोडण्याचं काम मंद करतं आणि या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. तेवढ्या दिवसांपुरती तिची मात्रा कमी करावी लागते. प्रत्यारोपण झालेल्यांच्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमससारख्या गोळीचं तर याहून नाजूक : तिचं प्रमाण धोकादायक वाढू शकतं. कोरोनाचं औषध लिहून देणारे डॉक्टर बहुधा नेहमीचे नसतात. सगळ्याच गोळ्या त्यांना माहीत असतील असं नाही. आपण मात्रा मनानं बदलायची नाही, आणि गप्पही बसायचं नाही.

म्हणून आज रात्रीच एक काम करा. घेत असलेल्या प्रत्येक औषधाचं नाव आणि मात्रा एका कागदावर लिहा, खाली नेहमीच्या डॉक्टरांचा फोन नंबर लिहा, आणि त्या कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. नमस्कार.