सूचक कोण?

(दृश्य: जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा. संध्याकाळचे सात. सतरंजी अंथरली जातेय.)

निवेदन:

सोयाबीनची काढणी सुरू आहे. बीड जिल्ह्यातल्या या गावात ऊसतोडीच्या मुकादमांची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घरोघर पोचलीय. दसरा झाला की ट्रक लागतील आणि कोयते साखर कारखान्याकडं निघतील. इथं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपंही. त्यांच्याबरोबर पोरं फडावर गेली की शाळा सुटली.

पोरं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृह असतं. ते चालवायचं शाळा व्यवस्थापन समितीनं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं ही समिती आणली. तिच्यात 75 टक्के पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांमधला, मुख्याध्यापक सदस्य सचिव.

आता खरं सांगायचं तर अनेक गावांत या समितीची सभा वहीतच भरते. पाचवीतलं एखादं पोरगं इतिवृत्त घेऊन दारोदार फिरतं. "आई, इथं सही कर." कोरम पूर्ण.

(दृश्य: बायका येतात. कुणाच्या हातात बॅटरी, कुणाच्या कडेवर मूल.)

या शाळेत सभेची वेळ आधी दुपारी दोनची असायची. दोन वाजता बायका रानात. मुख्याध्यापकांनी वेळ सातची केली आणि खुर्च्या काढल्या. खुर्च्या असल्या की पुरुष पुढं आणि बायका दाराशी, हे ठरलेलं. सतरंजीवर पुढचं-मागचं राहत नाही.

दुसरी गोष्ट याहून अवघड. मास्तर माणूस, त्याला गप्प बसणं जमत नाही. हे मुख्याध्यापक एक प्रश्न विचारून थांबतात.

"तुम्ही गेल्यावर लेकरं रात्री कुठं झोपतील?"

बराच वेळ कुणी बोलत नाही. एक पालक घसा खाकरतात, "सर, तुम्हीच काय ते लिहा, आम्ही सही करतो." सर मान हलवतात, पण पेन उचलत नाहीत.

मग कोपऱ्यातून आवाज येतो.

"जेवणाचं होईल हो गुरुजी. पण म्हातारीला अंधारात दिसत नाही. पोरगी सातवीला हाय, तिला एकटीला कशी ठिवू?"

त्यावर दुसरी बोलते, मग तिसरी. दोन वेळचं जेवण शाळेत आणि रात्री ज्याच्या त्याच्या घरी, असा बेत मुख्याध्यापक घरून करून आले होते. तो सगळ्यांच्या नजरेसमोर मोडतो. त्यांच्या चेहऱ्यावर थोडी नाराजी दिसते, लपत नाही.

(दृश्य: वहीवर कॅमेरा. निळी शाई.)

विषय क्रमांक 1 पुढं आधीच लिहिलेली ओळ ते खोडतात. नवी लिहितात: मुलींच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय शाळेच्या वर्गखोलीत करावी, सोबतीला गावातल्या दोन महिला असाव्यात. वर बघून विचारतात, "सूचक कोण लावू, ताई?"

कोपऱ्यातली ती पदर सावरते. शेजारीण कोपर मारते. "लाव की तुझं नाव."

सूचक ती. अनुमोदक शेजारीण.

विषय क्रमांक 2, स्वयंपाक कोण करणार. इथं मात्र दोन भावक्या समोरासमोर येतात, आणि नऊ वाजले तरी सभा उठत नाही.