वेगळी चूल, त्याच घरात

27 मार्च 1961. मिसिसिपी राज्याची राजधानी, जॅक्सन. टुगालू कॉलेजचे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी शहरातल्या मुख्य सार्वजनिक ग्रंथालयात शिरतात. ग्रंथालय फक्त गोऱ्यांचं. मुलं आधी कृष्णवर्णीयांच्या शाखेत चौकशी करून आलीयत. हवी ती पुस्तकं तिथे नाहीत. इथे ती कार्डांचे कप्पे चाळतात, पुस्तकं काढतात आणि टेबलाशी बसून वाचू लागतात. पोलीस येतात. नऊही जणांना अटक होते. पुढे प्रत्येकी 100 डॉलर दंड.

ही झाली वाचकांची गोष्ट. काउंटरच्या आत बसणाऱ्या कृष्णवर्णीय ग्रंथपालांचं काय चाललं होतं?

[दृश्य: रिचमंड, जुनी छायाचित्रं]

1936 साली अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचं, म्हणजे ग्रंथपालांच्या राष्ट्रीय संघटनेचं अधिवेशन व्हर्जिनियातल्या रिचमंडला भरलं. कृष्णवर्णीय प्रतिनिधींना अधिवेशनाच्या हॉटेलात खोली नाही. सभागृहात बसायची जागा वेगळी. आणि ज्या बैठकीला जेवण जोडलेलं, तिथे तर प्रवेशच नाही. बोभाटा झाला, तेव्हा अशा ठिकाणी पुन्हा अधिवेशन भरवायचं नाही असं संघटनेनं ठरवलं. पण दक्षिणेतल्या काही राज्य संघटना कृष्णवर्णीयांना सभासदच करून घेत नव्हत्या, तो प्रश्न तसाच राहिला.

सव्हाना स्टेट कॉलेजचे ग्रंथपाल ई. जे. जोसी यांना हे चांगलंच ठाऊक होतं. जॉर्जियाच्या संघटनेनं त्यांनाही दाराबाहेर ठेवलं होतं. 1964च्या सेंट लुईस अधिवेशनात राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताहाच्या कामाबद्दल गौरव झाला तो नेमका मिसिसिपीच्या संघटनेचा! त्याच वर्षी जून महिन्यात मिसिसिपीत नागरी हक्क चळवळीचे तीन कार्यकर्ते बेपत्ता झाले होते. जोसींचा संताप अनावर झाला. त्यांनी ठराव मांडला: असोसिएशनची शाखा होण्याच्या अटी न पाळणाऱ्या, म्हणजे सर्वांना सभासदत्व न देणाऱ्या राज्य संघटनांच्या सभांना असोसिएशनचे पदाधिकारी आणि कर्मचारी अधिकृतपणे किंवा असोसिएशनच्या खर्चानं जाणार नाहीत. ठराव मंजूर झाला. पुढच्याच वर्षी जोसी जॉर्जिया संघटनेचे पहिले कृष्णवर्णीय सभासद झाले. मुद्दा प्रवासखर्चाचा, पण मर्मावर बसला.

मग कृष्णवर्णीय ग्रंथपालांनी पुढे वेगळी संघटना काढली, तिची गरजच काय?

कारण सभासद होणं निराळं आणि कारभारात शब्दाला वजन असणं निराळं. नेमणुका, बढत्या, समित्यांवरच्या जागा, सगळं जिथल्या तिथे होतं. म्हणून जानेवारी 1970मध्ये शिकागोच्या हिवाळी बैठकीत जोसींनी कृष्णवर्णीय ग्रंथपालांना एकत्र बोलावलं आणि ब्लॅक कॉकस हा त्यांचा वेगळा गट उभा राहिला. त्यांचा पहिला घाव बघा कुठे बसला. कोर्टाच्या आदेशानं सरकारी शाळांत सर्व मुलं एकत्र शिकू लागली होती. ते टाळण्यासाठी गोऱ्या पालकांनी खासगी शाळा काढल्या होत्या. अशा शाळांना पुस्तकं आणि सेवा पुरवणाऱ्या ग्रंथालयांचा निषेध करा, ही कॉकसची मागणी. स्वतःच्या पगाराच्या आधी त्यांनी हे हाती घेतलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

यात खुबी अशी, की चूल वेगळी मांडली तरी घर सोडलं नाही. कॉकसचे लोक मूळ संघटनेत राहिले, निवडणुका लढले. 1976मध्ये डेट्रॉइटच्या ग्रंथालय संचालक क्लारा स्टँटन जोन्स असोसिएशनच्या पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्ष झाल्या. 1984मध्ये त्याच खुर्चीवर जोसी बसले.

[दृश्य: ग्रंथालयातला स्पॅनिश पुस्तकांचा विभाग]

वाट पडली तशी इतरही त्या वाटेनं आले. 1971मध्ये स्पॅनिशभाषकांसाठी ‘रिफॉर्मा’, मग चिनी-अमेरिकन, मूळनिवासी आणि आशियाई-पॅसिफिक ग्रंथपालांच्या संघटना. 2006मध्ये ब्लॅक कॉकस धरून या पाचही संघटनांनी मिळून डॅलसला एकत्र परिषद भरवली.

ग्रंथालयांतल्या वर्णभेदाबद्दल असोसिएशननं कृष्णवर्णीयांची ठरावानं माफी मागितली ती 2018 साली. जोसी 2009मध्येच गेले होते.