‘पास’ची नोंद कोणाच्या हातात?

(दृश्य: जळगाव एमआयडीसी. दुपारची शिफ्ट बदलते आहे.)

जळगावच्या एमआयडीसीत पाइप निघतात, प्लॅस्टिकच्या चटया विणल्या जातात, डाळ भरडली जाते. शिफ्ट बदलायच्या वेळी नशिराबाद, आसोदा, कुसुंब्याकडून आलेल्या मोटारसायकली गेटपाशी दाटतात. घरी अहिराणी किंवा लेवा बोली, मशीनवर मराठी-हिंदी आणि प्रशिक्षणाच्या स्क्रीनवर बहुतेक वेळा इंग्रजी, अशा तीन भाषांतून हा कामगार रोज जातो. नवीन हेल्पर आला की त्याला कॉम्प्युटरवर किंवा मोबाईलवर व्हिडिओ दाखवतात, प्रश्न विचारतात. शेवटी त्याच्या नावापुढे ‘पास’ पडतं.

ते ‘पास’ कोणाच्या हातून पडतं, याची ही गोष्ट.

(दृश्य: पीव्हीसी पाइपची लाइन. तापलेलं बॅरल, पुढे कटर.)

या एक्स्ट्रूडरचं, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून पाइप काढणाऱ्या मशीनचं, बॅरल 150 अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं असतं. माल आत अडकून जास्त तापला तर पीव्हीसी करपतं आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, घसा जळतो, श्वास कोंडतो. अशा वेळी काय बंद करायचं, कुठे उभं राहायचं नाही, हे हेल्परला ठाऊक आहे का? नाइट शिफ्टचा फोरमन ती ‘पास’ची नोंद पाहतो आणि माणूस लाइनवर उभा करतो. त्याच्याकडे दुसरं काही नसतं.

आता सॉफ्टवेअरच्या बाजूने पाहू. सिस्टिम बसवताना घाई असते. रात्री कोणाचं काम अडू नये म्हणून फोरमन, एचआरचा क्लार्क, ठेकेदाराचा सुपरवायझर, सगळ्यांनाच पूर्ण अधिकार दिले जातात. कधी एकच पासवर्ड चौघांत फिरतो. मग एखाद्या सकाळी ठेकेदाराची नवी माणसं येतात, ऑर्डर तातडीची असते आणि कोणीतरी ऑफिसात बसून सगळ्यांना ‘पूर्ण’ करून टाकतो. त्या माणसाच्या मनात वाईट काही नसतं, त्याला लाइन चालू करायची असते. पण व्हिडिओ कोणी पाहिलेला नसतो, आणि खूण कोणी केली हेही नंतर कळत नाही.

(दृश्य: मेंटेनन्सचा फिटर मेन स्विचला कुलूप लावतो, आपल्या नावाचा टॅग अडकवतो.)

हे काम मात्र फिटरला कोणी समजावून सांगावं लागत नाही. मशीनमध्ये हात घालण्याआधी तो वीज तोडतो, स्वतःचं कुलूप लावतो, किल्ली खिशात ठेवतो. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. प्रशिक्षणाच्या नोंदीलाही हाच नियम लावला पाहिजे.

कॉम्प्युटरच्या जगात हा विचार जुना आहे. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी 1975 सालीच मांडलं होतं, की प्रत्येकाला त्याच्या कामापुरतेच अधिकार द्यावेत, जास्त नाहीत. मार्टिन डुगियामस यांनी तयार केलेलं मूडल हे ऑनलाइन प्रशिक्षणाचं सॉफ्टवेअर 2002 मध्ये आलं. ते मोफत मिळतं, शाळा-कॉलेजांइतकंच कंपन्यांतही चालतं. 2006 पासून त्यात अधिकारांची रचना आपल्या गरजेप्रमाणे घडवता येते.

(दृश्य: स्क्रीनवर भूमिकांची यादी.)

मूडलमध्ये ‘शिक्षक’ दोन प्रकारचे आहेत. एकाला धडा बदलता येतो. दुसरा धड्याला हात लावू शकत नाही, फक्त तपासतो आणि गुण देतो. फोरमनला ही दुसरी भूमिका द्यावी. कटर थांबवून दाखव, हे सांगणं आणि पाहणं त्याचं काम. प्रश्नपत्रिका बदलणं नाही. तिन्ही शिफ्टचे वेगळे गट करावेत आणि गट ‘विभक्त’ ठेवावेत. मग पहिल्या शिफ्टच्या फोरमनला तिसऱ्या शिफ्टची माणसं दिसतही नाहीत.

इथे एक बारीक जागा आहे. या भूमिकेतही, दुसऱ्याचा धडा त्याच्या वतीने ‘पूर्ण’ करण्याचा अधिकार मुळात दिलेला असतो. तो शोधून काढून घ्यावा लागतो. नाही काढला, तर सकाळी ऑफिसात बसून सगळ्यांना ‘पूर्ण’ करण्याची वाट उघडीच राहते. मूडलमध्ये ‘मनाई’ नावाची कडक पायरी आहे: वरच्या पातळीवर एखाद्या भूमिकेवर मनाई लावली, की खाली कुठल्याही कोर्समध्ये ती उठवता येत नाही. सुरक्षेच्या कोर्ससाठी ती वापरायला कचरू नये.

मुख्य प्रशासकाला मात्र ही मनाईही अडवत नाही. म्हणून असे प्रशासक फार तर दोन असावेत: एक रोजचा, एक अडीअडचणीचा. एचआरच्या क्लार्कला माणसं भरायची असतात, तेवढाच अधिकार पुरतो. मॅनेजरला अहवाल पाहायचा असतो, त्याला तेवढंच. मोठ्या पदाला मोठा अधिकार दिला नाही तर अपमान होईल, ही भीती मला अनाठायी वाटते. कारखान्याचा मालकही वेल्डिंगच्या ठिणग्यांपुढे चष्मा लावतोच.

(दृश्य: श्रावणातला रविवार. खानदेशातल्या कानबाई देवीची स्थापना, घरोघरी रोट.)

श्रावणात कानबाई बसते. भाऊबंद एकत्र येतात, फोरमन गावी जातो आणि शिफ्ट दुसऱ्याच्या हाती येते. अशा वेळी पासवर्ड फोनवर सांगितला जातो. त्याची गरज नाही. बदली माणसाला त्याच्या स्वतःच्या नावाने कोर्समध्ये घालायचं आणि शेवटची तारीख टाकून ठेवायची. त्या तारखेला त्याचा प्रवेश आपोआप थांबतो. काढून घ्यायची आठवण कोणाला ठेवावी लागत नाही.

(दृश्य: ठेक्यावरचा कामगार गेटपास परत करतो आहे.)

ठेका संपला की गेटपास त्याच दिवशी जमा होतो. खातंही त्याच दिवशी स्थगित व्हावं. खातं पुसू मात्र नये. स्थगित केलं तर लॉगिन बंद होतं आणि नोंद शाबूत राहते: कोणता धडा, कोणत्या तारखेला, तपासला कोणी. पुढे अपघाताची चौकशी झाली, किंवा हाच माणूस नव्या ठेक्यात परत आला, तर फोरमनला विचारता येतं, “कटर थांबवायची परीक्षा याने तुमच्यासमोर दिली होती का?” आणि फोरमनला स्वतःचं नाव पाहून उत्तर देता येतं.