धूर इथे, दरवाजा तिथे

(दृश्य: छतावरच्या डिटेक्टरचा लाल दिवा. पाठोपाठ मार्गिकेच्या दुसऱ्या टोकाचा दरवाजा.)

धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरचा दिवा लागला आणि चुंबकाने उघडा धरून ठेवलेला तो दरवाजा आपोआप मिटला. या दोघांना थेट जोडणारी एकही तार नाही. डिटेक्टर फायर अलार्म पॅनेलच्या लूपवर, म्हणजे पॅनेलमधून निघून तिथेच परतणाऱ्या तारेवर, बसलेला आहे; दरवाजाचा चुंबक पॅनेलचा आदेश पाळणाऱ्या एका आउटपुट मॉड्यूलच्या रिलेवर (विजेने चालणाऱ्या स्विचवर) आहे, आणि त्यांचे नाते पॅनेलच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी लिहून ठेवलेले आहे.

टेबलावर पसरलेला हा मोठा कागद म्हणजे ‘कॉज अँड इफेक्ट’ तक्ता होय. डावीकडे एकाखाली एक कारणे लिहिली आहेत: डिटेक्टर, मॅन्युअल कॉल पॉइंट (आग दिसल्यावर हाताने दाबायचे बटण), स्प्रिंकलरच्या नळावरचा, पाणी वाहू लागल्याचे ओळखणारा फ्लो स्विच. वरच्या रकान्यांत परिणाम आहेत: हूटर, दरवाजे, वातानुकूलनाचे पंखे, लिफ्ट. ओळ आणि रकाना जिथे भेटतात तिथली फुली म्हणजे ‘हे झाले तर ते करावे’. उत्पादक बदलला की सॉफ्टवेअरचे पडदे बदलतात, पण आत हाच तक्ता असतो. तो लॅपटॉप उघडण्यापूर्वी पूर्ण झालेला असावा, असा आमचा आग्रह आहे; सॉफ्टवेअर फुली स्वीकारते, ती का मारली हे विचारत नाही.

पडद्यावर दिसणारे आकडे लूपवरील उपकरणांचे ॲड्रेस, म्हणजे ओळखक्रमांक, आहेत. फ्लो स्विचसारख्या स्विचची खबर पॅनेलला देणाऱ्या इनपुट मॉड्यूलच्या बाबतीत ॲड्रेस देऊन काम संपत नाही, कारण मॉड्यूलला केवळ स्विचचा संपर्क (कॉन्टॅक्ट) जुळल्याचे कळते. त्याचा अर्थ आग घ्यायचा, बिघाड घ्यायचा की नुसती सूचना, हे तंत्रज्ञाने ठरवून द्यावे लागते. फ्लो स्विच तर पाण्याच्या दाबातील क्षणिक चढउतारानेही हलतो, म्हणून त्याला थोडा विलंब दिला जातो. तारेच्या शेवटी बसवलेला हा छोटा रोधक (रेझिस्टर) पॅनेलला तार शाबूत असल्याचे सांगत राहतो. ती तुटली, तर ईएन 54-2 या युरोपीय मानकानुसार पॅनेलने 100 सेकंदांच्या आत बिघाड दाखवला पाहिजे.

(दृश्य: सर्व्हर कक्ष, आग विझवणाऱ्या वायूचे सिलिंडर.)

येथे ‘आणि’ व ‘किंवा’ या दोन साध्या शब्दांना विलक्षण वजन येते. पहिला डिटेक्टर बोलला तर फक्त घंटा वाजावी. दुसऱ्यानेही दुजोरा दिला तरच उलटी मोजणी सुरू होऊन वायू सुटावा, अशी ही रचना आहे. त्या जागी चुकून ‘किंवा’ निवडला गेला, तर धुळीने फसलेला एकच डिटेक्टर सगळे सिलिंडर रिकामे करू शकतो.

आता लिफ्ट पाहू, कारण तक्त्यातील सर्वांत फसवी ओळ हीच आहे. कोणत्याही मजल्यावर आग लागली की लिफ्टने तळमजल्यावर येऊन दरवाजे उघडून थांबावे, हा नियम लिहायला एक मिनिट पुरते. पण धूर तळमजल्यावरच्या लिफ्टसमोरच असेल तर? मग हाच नियम माणसांना थेट धुरात उतरवतो. म्हणून त्या एका डिटेक्टरसाठी वेगळी ओळ लागते: तळमजल्याचा आदेश रोखावा आणि लिफ्टला ठरलेल्या पर्यायी मजल्यावर न्यावे. दोन्ही आदेश एकाच वेळी गेले तर कोणता मानावा, हा अग्रक्रमही लिहूनच द्यावा लागतो, आणि लिफ्टच्या नियंत्रकाला त्यासाठी दोन स्वतंत्र रिले पुरवावे लागतात. आम्ही चित्रित केलेल्या तक्त्यात ही ओळ नंतर, पेनाने, समासात जोडलेली दिसते.

पॅनेलवरचे हूटर बंद करण्याचे बटण दाबले की आवाज थांबतो. तेवढ्याने डॅम्पर (हवेच्या नळीतील झडपा) उघडू नयेत आणि पंखे सुरू होऊ नयेत, यासाठी प्रत्येक आउटपुटला ‘रिसेट होईपर्यंत टिकावे’ अशी खूण करता येते. खातरजमेसाठी हूटर उशिरा वाजवण्याची मुभाही आहे. ईएन 54-2 मध्ये या विलंबाची मर्यादा 10 मिनिटे आहे. कोणी कॉल पॉइंट दाबल्यास मात्र ही प्रतीक्षा तत्काळ संपावी, अशी जोडणी आमच्या मते प्रत्येक तक्त्यात असायलाच हवी.

(दृश्य: लांब काठीच्या टोकावरचा धूर-परीक्षक, तळमजल्याची लिफ्ट.)

फाइल पॅनेलमध्ये गेली. चाचणीपुरती वायूची आउटपुट बंद ठेवली आहेत आणि पॅनेलवरचा पिवळा दिवा त्याची आठवण देत आहे. एक तंत्रज्ञ डिटेक्टरला धूर दाखवतो, दुसरा तक्ता हातात घेऊन उभा आहे. समासातल्या ओळीची पाळी येते. लिफ्ट खाली येता येता पहिल्या मजल्यावर थांबते, दरवाजे उघडतात, आणि पेनाने लिहिलेल्या त्या ओळीसमोर बरोबरची खूण होते.