ड्रॅगन झोपेतनं उठला? ताट वाढायची घाई नको!

नमस्कार मंडळी! फेब्रुवारी सरत आला, रंकाळ्यावर संध्याकाळचे स्वेटर दिसेनासे झाले, आणि मला एकच प्रश्न सारखा यायला लागलाय: "दादा, आमचा ड्रॅगन उठला, काय घालू खायला?"

काही नाही. आज तरी काहीच नाही.

(बॉक्सकडे बोट) हा बिअर्डेड ड्रॅगन. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला सरडा. दिवस लहान झाला, गारवा वाढला की हा ब्रुमेशनमध्ये, म्हणजे सरड्यांच्या हिवाळी झोपेत जातो. खाणं बंद, हालचाल जवळपास बंद. मध्येच उठून पाणी पिणार आणि परत कोपऱ्यात. काही आठवडे, कधी तीन महिनेसुद्धा.

आता आपण कोल्हापूरकर. समोर कोण येऊन बसलं की आधी जेवायचं विचारणार. इथंच घोटाळा होतो. सरड्याच्या अंगातली ऊब बाहेरनं येते. अंग गार असताना पोटात किडे गेले तर ते पचत नाहीत, आतच कुजतात. म्हणून आधी ऊब, मग पाणी, खाणं सगळ्यात शेवटी.

बास्किंगची, म्हणजे दिव्याखाली अंग शेकायची जागा 38 ते 41 अंश, गार टोक 25 ते 28. काचेला चिकटवलेला काट्याचा थर्मामीटर बघून खूश होऊ नका. ड्रॅगन ज्या दगडावर पोट टेकतो, त्या दगडावर टेंपरेचर गन मारा. दिवा सुरुवातीला आठ-नऊ तास, मग आठवडाभरात वाढवत 12-13 तास. मार्चमध्ये आपली खोलीच तापते, तेव्हा थर्मोस्टॅट लावाच.

आता यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा. ती पेटतेय म्हणजे काम करतेय असं नसतं. उजेड तसाच राहतो, यूव्हीबी घटत जातं. प्रकाराप्रमाणे 6 ते 12 महिन्यांत ती बदलावी लागते. "पण दादा, खिडकीतनं ऊन येतंय की!" काच यूव्हीबी अडवते, भावा. मग लोक काचेची टाकीच गच्चीवर नेऊन ठेवतात. त्याची भट्टी होते, सरडा भाजून मरतो. न्यायचंच तर जाळीच्या पेटीत, सकाळच्या उन्हात, अर्धी सावली करून. आणि तिथनं हलायचं नाही. वर घारी फिरत असतात.

आता पाणी. (ट्रे पुढे घेत) कोमट, त्याच्या खांद्याच्या खाली राहील इतकंच. दहा-पंधरा मिनिटं. सुरुवातीला तो नुसता बसून राहील. बोटानं नाकाच्या टोकावर एक थेंब सोडा... हे बघा, जीभ आली. थेंब चाटला. आता मान खाली घालून स्वतःच प्यायला लागला. तोंडात ड्रॉपर खुपसायचा नाही, पाणी श्वासात जातं.

एक-दोन दिवस नीट शेकून घेतलं, डोळे टवटवीत झाले, की थोडं खाणं. कॅल्शियम पावडर लावलेले दोन-तीन किडे, किसलेला लाल भोपळा, जास्वंदीचं फूल. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. उसाच्या फडातले नाकतोडे फुकट मिळतात, पण फवारणी कुठली झालीय कोण सांगणार? पुढं मे-जूनमध्ये राधानगरीला काजवे बघायला जाल, तिथनं एकही काजवा घरी आणू नका. काही जातींच्या काजव्यांत लुसिबुफॅजिन नावाचं विष असतं, आणि एखादा काजवासुद्धा ड्रॅगनचा जीव घेऊ शकतो.

आणि हो, बांधावर दिसणारी घोरपड पाळायचा नाद करू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ती अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. घोरपडे सरकारांच्या इचलकरंजीजवळ राहता म्हणून सूट मिळत नाही!

उठल्यावर वजन काट्यावर बघा, ग्रॅममध्ये. झोपेत ते थोडंसंच उतरतं. बरंच उतरलं असेल, डोळे खोल गेले असतील, तोंडात चिकट लाळ असेल, पाय थरथरत असतील किंवा उचलल्यावर अंग सैल पडत असेल, तर ती सुस्ती नाही, आजार आहे. वर्षाच्या आतलं पिल्लू असं पडून राहिलं तर ब्रुमेशन समजून वाट बघायची नाही, डॉक्टर गाठायचा.

बाकी ठणठणीत असला तरी पहिली शी टाकून देऊ नका. ताजी असतानाच स्वच्छ डबीत भरून जंतांसाठी तपासून घ्या. सगळ्याच दवाखान्यांत सरडा बघत नाहीत, तेव्हा डबी घेऊन निघायच्या आधी तेवढा फोन करा.